आखाडातले निखारे

टेबलाच्या मधोमध एक चौकोनी भोक असतं. आपण जाऊन बसतो तेव्हा ते रिकामं असतं. खाली काळवंडलेल्या पत्र्याचा खड्डा, वर काहीच नाही. पहिल्यांदा आलेला माणूस त्याच्याकडे जरा संशयाने बघतो आणि मोबाइल, पर्स कडेला सरकवतो. मग आतून एक मुलगा येतो, दोन हातांतल्या आकड्यांवर तोललेली लोखंडी सिगडी घेऊन. "संभालके सर, संभालके मॅडम." आम्ही सगळे एकदम मागे रेलतो, सिगडी खड्ड्यात बसते आणि आम्ही सगळे एकदम पुढे वाकतो. बाहेर आषाढातला पुण्याचा पाऊस, जोर नसलेला पण थांबायचं नाव न घेणारा. छत्र्या खुर्च्यांखाली ठिबकतायत, ओढण्यांच्या कडा ओल्या आहेत, चष्म्यांवर वाफ धरली आहे. निखाऱ्यांची धग आधी हनुवटीला लागते, मग गालांना. खालून येणारा उजेड सुरकुत्या लपवत नाही, उलट त्या ठळक करतो. पण डोळे मात्र फार छान दिसतात. पन्नाशी ओलांडलेली ही सात-आठ तोंडं मी कॉलेजपासून बघत आले आहे, तरी या उजेडात ती पुन्हा एकदा नीट बघावीशी वाटतात.

खरं सांगायचं तर ही आग काही शिजवत नाही. सळ्यांवर ओवून येणारी कोंबडी, कोळंबी, पनीर, अळंबी हे सगळं आतल्या तंदूरमध्ये जवळजवळ तयार होऊनच येतं. कच्च्या पपईने नाहीतर दह्याने मऊ झालेलं मांस, त्यावर मोहरीच्या तेलाचा हात आणि मग तंदूरची खरी आच. भाजलेल्या पदार्थाला जो तपकिरी रंग आणि वास येतो त्यामागे प्रथिनं आणि साखर यांची एक प्रक्रिया असते. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती 1912 मध्ये मांडली. आमच्या टेबलापर्यंत सळी येते तेव्हा मायारसाहेबांचं काम उरकलेलं असतं. टेबलावरच्या निखाऱ्यांकडे उरतं ते तुकडे गरम ठेवणं. आणि आम्हाला कामाला लावणं. वाट्यांत चार-पाच रंगांचे रस, प्रत्येकात एक छोटा ब्रश. आमच्यातला सीए, ज्याने घरी कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नाही, तो तोंड गंभीर करून सळ्या फिरवतो, ब्रशने लिंबू-लोणी लावतो आणि "हां, आता घ्या" असा निकाल देतो. मांसातून एखादा थेंब निखाऱ्यावर पडतो, चर्र होतं, धूर उठतो. तो धूर मात्र खरा. आतल्या तंदूरने दिलेल्या चवीवर तो शेवटचा हात फिरवून जातो.

2006 मध्ये मुंबईत 'बार्बेक्यू नेशन'चं पहिलं हॉटेल निघालं आणि टेबलातल्या सिगडीची ही पद्धत पुढे शहराशहरांत गेली. आमचं हॉटेल त्याच धर्तीवरचं. पण सळीला मांस ओवून भाजणं हे आपल्याकडे कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. कल्याणीच्या चालुक्यांतला तिसरा सोमेश्वर, त्याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा ग्रंथ. त्यात राजाने काय खावं, कसं खावं याची मोठी प्रकरणं आहेत. मसाला चोळून सळीवर भाजलेल्या मांसाची कृती त्यात आहे, आणि नदीकाठच्या शेतांतले काळे उंदीर भाजायचीही आहे. ही शेवटची माहिती मी एकदा भर जेवणात दिली. सीएने हातातली सळी खाली ठेवली आणि तो बराच वेळ नुसतं अननस खात बसला.

आम्ही येतो ते आखाडात. श्रावण लागायच्या आत एकदा सगळ्यांनी मिळून खाऊन घ्यायचं, हा आमच्यातला सर्वांत टिकाऊ ठराव. बाकीचे ट्रिपांचे आणि सकाळी चालायला जाण्याचे ठराव कधीच वाहून गेले. तारीख ठरवणं हा मात्र स्वतंत्र सोहळा असतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार एकाच्या गणपतीचा, गुरुवार दोघींच्या दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवार मोकळा होता, पण तो एकीच्या सासूबाईंनी जाताना तिच्याकडे सोपवला. मध्येच संकष्टी येते. उरतात बुधवार आणि रविवार, आणि रविवारी अख्खं पुणं हाच विचार करून बाहेर पडलेलं असतं. 2023 साली तर कहर झाला. आषाढी अमावास्या 17 जुलैला, सोमवारी आली आणि पुढे श्रावण अधिक. अठरा जुलैपासून अधिक श्रावण, तो संपल्यावर सतरा ऑगस्टपासून निज श्रावण. ग्रुपवर दोन तट पडले. अधिक महिन्यात पाळायचं नाही, तो हिशेबात धरायचाच नाही, असं वकील म्हणाला. अधिकातलं पुण्य जास्त, म्हणून पापही जास्त, असं गुरुवारवाली म्हणाली. सीएने मधला मार्ग सुचवला की अधिकात अंडी चालावीत. या वादात शास्त्र कोणीच उघडलं नाही आणि ते बरंच झालं. शेवटी सोळा तारखेच्या रविवारी आम्ही पाऊण तास दाराबाहेर वळचणीला उभे राहिलो.

आमच्यातली संस्कृत शिकवणारी मैत्रीण दर वर्षी न चुकता सांगते की आषाढी अमावास्या ही दिव्यांची अवस आहे, घरातले दिवे घासून त्यांची पूजा करायची, कणकेचे गोड दिवे करायचे, आणि तुम्ही त्या दिवसाचं गटार करून ठेवलंय. हे ती तोंडातला टिक्का संपवता संपवता सांगते. घरी जाऊन ती खरोखरच समया घासते, हेही मला माहीत आहे. मला दोन्हींत काही विरोध वाटत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या सळीनंतर हमखास खरं भाजणं कोणतं हा वाद सुरू होतो. तो आता इतका पाठ झालाय की कोणीही कोणाचीही बाजू घेऊन भांडू शकेल. सुरुवात अलिबागकर करतो. सिगडीकडे तुच्छतेने बघून म्हणतो, "याला काय भाजणं म्हणतात? पोपटीला या एकदा." पोपटी म्हणजे माघातली गार रात्र, वालाच्या शेंगांनी भरलेली शेतं आणि एक मातीचं मडकं. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला अंथरायचा. त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा. मध्ये मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, तिच्या आजूबाजूला अंडी, बटाटे, रताळी, परत शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्डीचा पाला गच्च ठासायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून जाळ करायचा. मग वाट बघायची. शिजलं की नाही हे बघायला झाकण उघडता येत नाही, कारण झाकणच नसतं. तापलेल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र होऊन पाणी जागच्या जागी उडालं की झालं. कागदावर नाहीतर पानावर मडकं रितं केलं की जो वास येतो तो भांबुर्डीचा, ओव्याचा, शेंगांच्या सालीचा, आणि त्याला बाजारात पर्याय नाही. एरवी ही भांबुर्डी बांधावर उगवणारं रानगवत, गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, असं सांगताना अलिबागकराचा आवाज हळवा होतो.

जळगावचा माणूस हे सगळं सभ्यपणे ऐकून घेतो. त्याचा विश्वास एकाच भाजीवर आहे. मोठं, हिरवट पांढरं, कमी बियांचं भरताचं वांगं, तेही बामणोदकडचं. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा त्याने आम्हाला स्वतःच्या बढतीची बातमी दिली नव्हती, पण ही कळवली होती. वांगी गॅसवर भाजणं हे त्याच्या मते वांग्याचा अपमान. शेतात कापूस निघून गेल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, नाहीतर तुरीच्या काड्या, त्यांचा भपकन उठणारा आणि लवकर बसणारा जाळ, त्यात दहा-वीस वांगी एकदम टाकायची. साल काळी ठिक्कर झाली की सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. भरीत पार्टीला पन्नास माणसं आली तरी खानदेशात कोणी घाबरत नाही. "तुमच्या या सिगडीवर एक वांगं मावत नाही," असं म्हणून तो विषय संपवतो.

सोलापूरची मैत्रीण हुरड्याचं नाव काढते, पण थोडक्यात. आगटीतलं कणीस तळहातावर चोळून तोंडात टाकण्याइतकी घाई सांगण्यातही असते तिला. गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि भाजलेल्या तळहातांचा अभिमान.

या तिन्ही आगा हिवाळ्यातल्या आहेत, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. महाराष्ट्रातली सगळी उघड्यावरची खादाडी थंडीच्या भरवशावर उभी आहे: कोरडी जमीन, सुकलेला पेंढा, स्वच्छ आभाळ. आषाढात काय करायचं? माळावर चिखल, काटक्या भिजलेल्या, आभाळ गळतंय. पावसाळ्यात बाहेर पेटलेली आग दिसते ती फक्त कणसं भाजणाऱ्या बाईच्या टोपलीतली, प्लास्टिकच्या कागदाखाली, आणि तिच्याजवळ आपण मीठ-लिंबू लागेपर्यंतच उभे असतो. बसायला जागा नसते. तेव्हा आठ जणांना तीन तास आगीभोवती बसायचं असेल तर त्या आगीवर छप्पर हवं, आणि शहरात ते छप्पर भाड्याने मिळतं. एवढं या हॉटेलांच्या बाजूने बोलायला हरकत नाही.

मला मात्र या वादात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मी दर वर्षी सांगते, दर वर्षी पुरुष मंडळी हसण्यावारी नेतात. पोपटीचं मडकं रचतात पुरुष. पऱ्हाट्यांचा जाळ करतात पुरुष. इथे सळ्या फिरवतो सीए. आग बाहेर आली, तिच्याभोवती हसणं-खिदळणं आलं, की ती पुरुषांची होते. घरातली चूल ज्यांची होती त्या बायका तिच्यासमोर एकट्याच बसायच्या. माझ्या आईच्या माहेरी चूल होती. मी सुटीत जायचे तेव्हा मामी फुंकणीने फुंकताना दिसायची, डोळे लाल, पाठ जेवणाऱ्यांकडे. पुढच्या खोलीत पंगत, आत आग, आणि आगीजवळचं माणूस सगळ्यांत शेवटी जेवणार. अशा बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून 2016 च्या मे महिन्यात सरकारने उज्ज्वला योजना आणली, घरोघरी सिलिंडर पोचवायला. आणि आम्ही पैसे देऊन धुरात बसतो. विसंगती आहे खरी. पण मला जेव्हा जेव्हा त्या सिगडीसमोर बसायला मिळतं तेव्हा मामीची आठवण होते आणि तिला इथे आणायला हवं होतं असं वाटतं: आग मध्ये, माणसं भोवती, कोणाचीच कोणाकडे पाठ नाही, आणि भाजणाराही जेवणाऱ्यांतलाच एक. आमच्या घरांत हे कधी झालं नाही.

आणि दुसरी गोष्ट पैशांची. ती टेबलावर कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

कॉलेजात असताना आमच्यातला एक जण कधीच भुकेला नसायचा. उडप्याकडे गेलो की म्हणायचा, "मी खाऊन आलोय, चहा घेईन." मेन्यूकार्ड हातात आलं की तो ते उजवीकडून वाचायचा, आधी आकडे आणि मग पदार्थ. आम्ही त्याच्या अल्पाहाराची चेष्टा करायचो. तेव्हा आमचा नियम टीटीएमएम, तुझं तू माझं मी, आणि तो नियम आम्हाला फार न्याय्य वाटायचा. एकदा सगळे मुंबईला गेलो होतो, रात्री कुलाब्यात ताजमहाल हॉटेलच्या मागे 'बडेमियाँ'च्या गाडीवर. 1946 पासून तिथे कबाब भाजले जातायत, आणि लोक आपापल्या गाड्यांच्या बॉनेटवर कागद पसरून खायचे. आमच्याकडे गाडी नव्हती; आम्ही फुटपाथवर उभे राहून सीक कबाब आणि रुमाली रोटी खाल्ली. त्या रात्री तो पोटभर जेवला, कारण वर्गणी आधीच काढलेली होती आणि कोणाचं किती हे नंतर मोजायचं नव्हतं. हा संबंध मला जोडता आला तो फार उशिरा.

पुढे सगळ्यांचं बरं चाललं, त्याचंही. कुणाचं जास्त बरं. मग आम्ही मेन्यूकार्डांच्या हॉटेलांत जाऊ लागलो, आणि तिथे नवीच अडचण. ज्याचं उत्पन्न वाढलं तो सगळ्यांसाठी मागवायला लागला. "मी देतो रे" म्हणायला लागला. हे ऐकणाऱ्याला कसं लागतं ते म्हणणाऱ्याला कळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आमच्यातल्या एकाचा छापखाना बसला. मेन्यूकार्ड उजवीकडून वाचणारा तो मित्र नव्हे. हा दुसरा, एके काळी सगळ्यांत सढळ हाताचा. नंतरच्या आखाडांत तो तीनदा काहीतरी कारण सांगून टळला. चौथ्या वेळी बँकवाल्या मैत्रिणीने ग्रुपवर टाकलं की या वेळी बार्बेक्यूला जाऊ, तिथे व्हरायटी असते. माणशी ठरलेला दर, त्यावर पाच टक्के जीएसटी, झालं. तो आला. भरपूर जेवला. आपला हिस्सा त्याने तिथेच फोनवरून सीएला पाठवला. तेव्हापासून आम्ही तिथेच जातो, आणि का जातो असं कोणी विचारलं तर आम्ही सगळे एका सुरात व्हरायटी म्हणतो.

ठरलेल्या दरात किती ताकद असते ते अशा वेळी कळतं. मागवायचं काही नाही, म्हणून कोण काय मागवतो हे बघायचं नाही. दोन सळ्या खाणारा आणि बारा सळ्या खाणारा सारखेच. टेबलावर एक छोटा झेंडा असतो; तो उभा आहे तोवर सळ्या येत राहतात, आडवा केला की थांबतात. एरवी 'पुरे' म्हणायला इतकी सोपी सोय क्वचितच असते. आमचा झेंडा मात्र कोणी आडवा करत नाही. करायला हात पुढे आला की दुसरा त्या हातावर चापट मारतो. वाढणारा मुलगा उत्तराखंडातला, चमोलीकडचा. तो हे बघून दर वेळी हसतो आणि विचारतो, "सर, और दो मिनट रुकूँ?" त्याच्या गावी या दिवसांत दरडी कोसळून रस्ते बंद असतात, फोन लागला की नाही हे तो आम्हाला येता-जाता सांगतो.

त्या सिगडीची अर्धी बाजू शाकाहारी. मध्ये एक पट्टी असते, तिच्या अलीकडे पनीर, अळंबी आणि दालचिनी लावलेलं अननस. पलीकडे कोंबडी आणि कोळंबी. दोन्हींचे ब्रश वेगळे, आणि सीए ते चुकवत नाही, कारण एकदा चुकवल्यावर दत्तवाल्या दोघींनी जे तोंड फिरवलं ते कुल्फी आल्यावरच वळलं. काही जण नाक मुरडतात की एकाच आगीवर दोन्ही कसं चालतं. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी घर आहे. आमच्यातल्या शाकाहाऱ्यांना चालतं, कारण त्यांना वेगळ्या टेबलावर बसणं त्याहून जास्त खटकतं.

तक्रारीही आहेत. गाणी फार मोठ्याने लावतात. कोणाचा तरी वाढदिवस असतोच आणि मग सगळी पोरं टाळ्या वाजवत येतात. तेवढा वेळ बोलणं बंद. सळ्यांनीच पोट भरतं आणि पुढचं बिर्याणीचं, भाज्यांचं मांडलेलं दालन बघून परत यावं लागतं. तो हॉटेलवाल्याचा हिशेब असणार किंवा आमचा मूर्खपणा. तिसऱ्या तासाला निखाऱ्यांवर राख धरते आणि मुलगा नवी सिगडी आणू का विचारतो. बहुतेक वेळा आम्ही नको म्हणतो. राखेखालच्या निखाऱ्यावर तुकडे भाजत नाहीत, पण बोलणं चांगलं होतं. दुखणी, मुलांच्या परदेशातल्या वेळा, कोणाच्या आईचं विसरणं, हे सगळं त्याच तासात निघतं. छापखानेवाल्याने नव्या कामाबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेही तेव्हाच. एका शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायचं छोटंसं काम होतं. सीएने त्याला तिथल्या तिथे करावर एक लांबलचक व्याख्यान दिलं, आणि ते त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे सगळं महिनाभर पुढे गेलं आहे. आषाढी अमावास्या 12 ऑगस्टला येते आणि वार आहे बुधवार, म्हणजे कोणाच्याच देवाची हरकत नाही. त्या आठवड्यात पुण्यात टेबल मिळणं कठीण होणार. तेव्हा ज्यांना जायचं असेल त्यांनी जुलैतच फोन करून ठेवावा, सिगडी कोळशाची आहे की गॅसची हे त्याच फोनवर विचारून घ्यावं, आणि माणशी दर ग्रुपवर आधीच टाकून द्यावा.